पुन्हा उद्भवलेला यकृताचा कर्करोग आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृताच्या कर्करोगाची एक शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तपासणीत पुन्हा गाठ दिसली आहे आणि या वेळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होईल का, असा विचार घरात सुरू आहे. अशा रुग्णांकडून आणि नातेवाइकांकडून सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती मुख्यतः यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाविषयी, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाविषयी आहेत. मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या कर्करोगाचा विचार प्रश्न १५ मध्ये वेगळा केला आहे.

१. पहिल्या वेळी गाठ पूर्ण काढली, कडाही स्वच्छ आल्या असे अहवालात लिहिले होते. मग कर्करोग पुन्हा कसा झाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या शस्त्रक्रियेत काही राहून गेले का, या शंकेतून येतो. क्वचित तसे असू शकते. पण या आजाराचा स्वभावच असा आहे की उत्तम शस्त्रक्रियेनंतरही ५ वर्षांच्या आत सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये तो परत दिसतो. त्यामागे दोन वेगळी कारणे असतात.

पहिले कारण असे, की गाठ काढण्यापूर्वीच तिच्यातील काही पेशी जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून यकृताच्या दुसऱ्या भागात जाऊन बसलेल्या असतात. त्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत आणि पुढे वाढून गाठ होते. असा कर्करोग साधारणपणे पहिल्या २ वर्षांत परत येतो. दुसरे कारण यकृताच्या मूळ आजारात असते. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू किंवा चरबीमुळे झालेला सिऱ्होसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणे), यांपैकी ज्या कारणाने पहिली गाठ झाली ते कारण उरलेल्या यकृतातही असतेच. तण उपटले तरी जमीन तीच राहते, त्याप्रमाणे तेथे पूर्णपणे नवी गाठ तयार होऊ शकते. २ वर्षांनंतर दिसणाऱ्या गाठींमध्ये हा प्रकार अधिक आढळतो.

दोन वर्षांची ही सीमारेषा काटेकोर नाही, पण उपचार ठरवताना तिचा उपयोग होतो. चार वर्षांनी आलेली एकच गाठ आणि पाच महिन्यांत आलेल्या तीन गाठी यांचा अर्थ सारखा नसतो. पहिल्या प्रकारात पुन्हा शस्त्रक्रियेचा फायदा होण्याची शक्यता बरीच चांगली असते. दुसऱ्या प्रकारात, तांत्रिकदृष्ट्या गाठी काढता येण्यासारख्या असल्या तरी, लगेच शस्त्रक्रियेला जाण्याऐवजी काही काळ अन्य उपचार देऊन आजाराची चाल पाहणे शहाणपणाचे ठरू शकते.

२. स्कॅनमध्ये डाग दिसला म्हणजे कर्करोगच परत आला असे समजायचे का? बायोप्सी करावी लागेल का?

प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो. पहिल्या शस्त्रक्रियेच्या कडेला साचलेला द्रव, तेथे तयार झालेला व्रण किंवा सिऱ्होसिसमधील साध्या गाठी यांमुळेही चित्र संशयास्पद दिसू शकते. सिऱ्होसिस असलेल्या रुग्णात शिरेतून रंगद्रव्य देऊन टप्प्याटप्प्याने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये गाठ रोहिणीच्या टप्प्यात उजळ दिसली आणि नंतरच्या टप्प्यात आसपासच्या यकृतापेक्षा फिकी पडली, तर निदान बहुधा बायोप्सीशिवायच निश्चित मानले जाते. चित्र स्पष्ट नसेल, यकृत मुळात निरोगी असेल किंवा निष्कर्षामुळे उपचारच बदलणार असतील, तर बायोप्सी केली जाते. सुईच्या मार्गावर कर्करोगाच्या पेशी रुजण्याचा धोका कमी असला तरी शून्य नाही. त्यामुळे गरज नसताना ती टाळतात.

शस्त्रक्रियेचा निर्णय होण्यापूर्वी छातीचा सीटी स्कॅन आणि आवश्यकतेनुसार हाडांची तपासणी केली जाते, कारण हा कर्करोग फुप्फुस, हाडे आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी येथेही जाऊ शकतो.

३. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय करतात? यकृतात एवढे रक्त असताना ते अशा पद्धतीने कापता येते का?

पोटावर साधारणपणे ५ ते १२ मिलिमीटरची चार-पाच छिद्रे घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एका छिद्रातून कॅमेरा आणि इतरांतून लांब उपकरणे आत जातात. यकृताच्या पृष्ठभागावर लहानसा सोनोग्राफी प्रोब ठेवून गाठ आणि तिच्या जवळच्या शिरा शोधल्या जातात, कापण्याची रेषा आखली जाते आणि मग अल्ट्रासाऊंडच्या कंपनांवर चालणाऱ्या किंवा ऊती भाजत कापणाऱ्या उपकरणांनी यकृत थोडे थोडे विलग करत लहान शिरा बंद करतात आणि मोठ्या शिरांना क्लिप किंवा स्टेपल लावतात. काढलेला भाग पिशवीत घालून थोड्या मोठ्या छेदातून, शक्य असल्यास जुन्याच व्रणातून, बाहेर काढतात.

रक्ताचा प्रश्न खराच आहे. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जाते. तरीही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव अनेकदा कमी होतो, कारण पोटातील वायूचा दाब, साधारण १० ते १४ मिलिमीटर पारा, यकृताच्या शिरांतून होणारी गळती काही प्रमाणात रोखतो आणि कॅमेऱ्यामुळे लहान शिराही मोठ्या करून पाहता येतात. भूलतज्ज्ञही शरीरातील द्रवाचे प्रमाण मर्यादित ठेवून मुख्य शिरेतील दाब कमी राखतात. त्याशिवाय यकृतात येणारे रक्त थोड्या थोड्या वेळासाठी थांबवण्याची, शल्यविशारद प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियेत मात्र तिची एक अडचण असते. ती पुढील उत्तरात आली आहे.

४. पहिल्या ऑपरेशनमध्ये पोट मोठे उघडले होते आणि व्रण अजून दिसतो. आता दुर्बीण चालेल का?

अनेकदा चालते, पण आत काय स्थिती आहे, हे दुर्बीण घातल्याशिवाय पूर्णपणे कळत नाही. जुनी शस्त्रक्रिया हा दुर्बिणीला सरसकट नकार देण्याचा आधार आता राहिलेला नाही. ती अडचण किती मोठी आहे, हे पूर्वी काय केले होते यावर अवलंबून असते.

शस्त्रक्रियेनंतर पोटातील अवयव एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला आतून चिकटतात. खुल्या शस्त्रक्रियेनंतर हे जास्त होते, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तुलनेने कमी. म्हणूनच ज्यांची पहिली शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली होती त्यांची दुसरीही दुर्बिणीतून होणे बरेच सोपे जाते. यकृताच्या डाव्या कडेचा लहान तुकडा काढला असेल तर चिकटणे मर्यादित असते. उजवे अर्धे यकृत काढले असेल तर उरलेले डावे यकृत वाढून रिकाम्या जागेकडे सरकलेले असते, मोठे आतडे आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग कापलेल्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात आणि यकृताच्या दाराशी असलेल्या शिरा व पित्तनलिका नेहमीच्या जागी सापडत नाहीत. डावे यकृत काढलेले असेल तर जठर येऊन त्याच दारावर चिकटते.

पहिले छिद्र घेणे हा या शस्त्रक्रियेतील नाजूक क्षण असतो. जुन्या व्रणापासून दूर, बहुधा पोटाच्या अशा बाजूला जेथे पूर्वी हात लागलेला नाही, लहान छेद घेऊन डोळ्यांनी पाहत आत प्रवेश केला जातो, म्हणजे भिंतीला चिकटलेल्या आतड्याला इजा होण्याचा धोका कमी राहतो. त्यानंतर चिकटलेले भाग सोडवण्यात कधी अर्धा तास, कधी कित्येक तास जातात. सगळे सोडवण्याची गरज नसते. गाठीपर्यंत सुरक्षित पोहोचता येईल आणि गरज पडल्यास यकृताचा रक्तपुरवठा थांबवता येईल, एवढी वाट मोकळी झाली तरी पुरते. हा रक्तपुरवठा थांबवण्यासाठी यकृताच्या दाराभोवती फीत घालावी लागते आणि पूर्वी तेथे काम झालेले असेल तर नेमकी तीच जागा सर्वाधिक घट्ट चिकटलेली असते. तेथे फीत घालता येत नसेल, तर पृष्ठभागाजवळची लहान गाठ तिच्याशिवायही काढता येते, परंतु खोलवरच्या गाठीसाठी शल्यविशारद पोट उघडण्याचा पर्याय निवडू शकतात.

५. यकृत आधीच एकदा कापले आहे. आता आणखी किती कापता येईल?

किती कापता येईल, यापेक्षा किती आणि कसे यकृत उरेल, हा निर्णायक प्रश्न आहे. निरोगी यकृत असेल तर मूळ आकारमानाच्या सुमारे २० ते २५ टक्के भाग, दीर्घ केमोथेरपी झालेली असेल तर सुमारे ३० टक्के आणि सिऱ्होसिस असेल तर साधारण ४० टक्के भाग रक्तपुरवठा, शिरांचा निचरा आणि पित्ताची वाट यांसह शिल्लक राहिला पाहिजे, असा व्यवहारात वापरला जाणारा अंदाज आहे. हे आकारमान सीटी स्कॅनवरून संगणकाने मोजतात. यकृत पुन्हा वाढते हे खरे आहे. पण सिऱ्होसिस झालेले यकृत हळू आणि अपुरे वाढते, आणि वाढलेल्या भागात नव्या शाखा फुटत नाहीत, आहे तीच रचना मोठी होते.

म्हणूनच दुसऱ्या शस्त्रक्रियेत गाठीसह थोडाच भाग काढण्याकडे कल असतो. यकृताचे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने आठ विभाग मानले जातात. त्यांपैकी एखादा विभाग किंवा त्याचाही अंश काढला जातो. पुढच्या आणि खालच्या विभागांतील गाठ दुर्बिणीतून काढणे तुलनेने सोपे असते. सातव्या आणि आठव्या विभागांतील, म्हणजे वर पाठीमागे, छाती आणि पोट यांमधील पडद्याला टेकलेल्या भागातील गाठ त्याच आकाराची असूनही पुष्कळ अवघड ठरते.

आकारमानाबरोबर कार्यक्षमताही पाहिली जाते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम यांवरून चाइल्ड-पग श्रेणी ठरते. ए श्रेणीतील रुग्ण शस्त्रक्रियेसाठी योग्य मानले जातात, बी श्रेणीत अत्यंत निवडक रुग्णांचाच विचार होतो आणि सी श्रेणीत यकृताचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया केली जात नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रोजच्या हालचालीची ताकद यांचाही विचार होतो. केवळ वयाच्या आकड्यावरून नकार देणे योग्य नाही.

६. सिऱ्होसिस असेल तर दुर्बिणीचा धोका जास्त की कमी?

योग्य निवड केलेल्या रुग्णात कमी. सिऱ्होसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढतो आणि रक्त पोटाच्या भिंतीतील व यकृताच्या बंधांतील पर्यायी वाटा शोधते. मोठा छेद घेतला की या वाटा तुटतात, यकृत सोडवताना लसिकावाहिन्याही तुटतात आणि नंतर पोटात पाणी साचत राहते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत यातील बरेच टळते, त्यामुळे जलोदर आणि यकृत निकामी होण्याची गुंतागुंत कमी आढळली आहे.

मात्र अन्ननलिकेत मोठ्या फुगलेल्या शिरा, फार कमी प्लेटलेट आणि मोठी प्लीहा अशी दाब बराच वाढल्याची लक्षणे असतील, तर छिद्रे लहान आहेत म्हणून शस्त्रक्रिया सुरक्षित होत नाही. अशा रुग्णात चिकटलेले भाग सोडवतानाही त्या फुगलेल्या शिरांतून मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

७. गाठ दोनच सेंटिमीटरची आहे. सुईने जाळता येत असेल तर ऑपरेशन कशाला?

हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने त्वचेतून सुई घालून रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह ऊर्जेने गाठ जाळता येते. चिकटलेल्या पोटाची अडचण येत नाही, यकृताचे नुकसान कमी होते आणि रुग्ण लवकर घरी जातो. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या, सुई पोहोचेल अशा जागी असलेल्या गाठीसाठी हा पर्याय शस्त्रक्रियेच्या बरोबरीने विचारात घेतला पाहिजे.

परत आलेल्या यकृताच्या कर्करोगात या दोन उपचारांची थेट तुलना करणारी, २४० रुग्णांची एक चाचणी चीनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण जगण्याच्या कालावधीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. जाळण्याच्या उपचारात गुंतागुंती कमी होत्या, पण त्याच जागी कर्करोग परत येण्याचे प्रमाण अधिक होते, आणि गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असलेल्या किंवा एएफपी (रक्तातील एक प्रथिन, जे या कर्करोगात अनेकदा वाढते) २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त असलेल्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेचे परिणाम चांगले होते. त्या चाचणीतील शस्त्रक्रिया सरसकट दुर्बिणीच्या नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे.

व्यवहारात जागा बऱ्याचदा निर्णय करते. मोठ्या शिरेला चिकटलेल्या गाठीची उष्णता वाहते रक्त खेचून नेते आणि गाठ पूर्ण जळत नाही. मोठ्या पित्तनलिकेजवळ जाळल्यास ती अरुंद होऊ शकते. आतड्याला किंवा पित्ताशयाला टेकलेली गाठ जाळताना त्या अवयवालाच इजा होऊ शकते. या शेवटच्या परिस्थितीत एक मधला मार्ग आहे: दुर्बिणीने आतडे बाजूला करून गाठ जाळायची, म्हणजे यकृत कापावे लागत नाही.

८. पुन्हा पुन्हा कापण्यापेक्षा यकृत प्रत्यारोपणच का करू नये?

तत्त्वतः प्रत्यारोपणाने गाठ आणि आजारी यकृत दोन्ही जातात, त्यामुळे प्रश्न १ मधील दुसरे कारणही नाहीसे होते. मिलान निकषांत, म्हणजे ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ किंवा प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, मोठ्या शिरेत शिरकाव नाही आणि यकृताबाहेर प्रसार नाही, अशा स्थितीतील रुग्णाने प्रत्यारोपण केंद्राचे मत घेतलेले चांगले. यकृताची कार्यक्षमता खालावलेली असेल तर हा सल्ला अधिकच लागू होतो.

अडचणी अवयव मिळण्याच्या, वयाच्या, आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेण्याच्या आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या आहेत. यकृत चांगले चालत असेल तर आधी दुर्बिणीतून गाठ काढून, काढलेल्या भागाच्या तपासणीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव आढळतो का ते पाहून प्रत्यारोपणाचा निर्णय घेणे, हाही मान्य मार्ग आहे. दुर्बिणीमुळे पोट कमी चिकटत असल्याने पुढे प्रत्यारोपण करावे लागल्यास तेही सुकर होते.

९. छोट्या छिद्रांतून केल्यामुळे कर्करोग मागे राहण्याची शक्यता वाढते का?

उपलब्ध माहितीवरून तसे दिसत नाही. परत आलेल्या यकृताच्या कर्करोगात दुर्बिणीच्या आणि खुल्या शस्त्रक्रियेची तुलना करणारे एक मोठे अनेक-केंद्री विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४२ केंद्रांतील दीड हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. सारख्या स्थितीतील रुग्णांची जुळणी केल्यावर दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव कमी आणि वेळ जास्त लागल्याचे दिसले. दीर्घकाळ जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. असे बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेले असतात आणि दुर्बिणीसाठी सोप्या जागच्या, लहान गाठींचे रुग्ण निवडले गेलेले असतात. जुळणी करूनही हा फरक पूर्णपणे पुसला जात नाही. तेव्हा या निष्कर्षांचा अर्थ, अनुभवी हातांत निवडक रुग्णांसाठी दुर्बीण खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडत नाही, एवढाच घ्यावा. एक तांत्रिक मर्यादाही आहे: शल्यविशारदाला यकृत हाताने चाचपता येत नाही. ही उणीव शस्त्रक्रियेदरम्यानची सोनोग्राफी भरून काढते, म्हणून ती सोय नसेल तेथे ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

१०. गाठ बाहेर काढताना छिद्रांत कर्करोग रुजतो असे ऐकले. खरे आहे का?

असे घडल्याच्या नोंदी आहेत, पण ते दुर्मीळ आहे. गाठ न फोडता, भोवतालच्या निरोगी भागासह काढणे आणि बंद पिशवीतूनच बाहेर आणणे, ही त्यावरची खबरदारी असून ती आता नेहमीची पद्धत झाली आहे.

११. दुर्बिणीने सुरुवात केली आणि शेवटी पोट उघडले. काही चुकले होते का?

बहुधा नाही. चिकटलेले भाग सुटत नाहीत, रक्तस्राव आटोक्यात येत नाही, गाठीची कड नीट दिसत नाही किंवा भुलेखाली रुग्णाची प्रकृती वायूचा दाब सहन करत नाही, अशा वेळी पोट उघडणे हाच योग्य निर्णय असतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत याची शक्यता पहिलीपेक्षा अधिक धरून चालावे आणि संमतीपत्रावर सही करताना तशी मानसिक तयारी ठेवावी. रक्तस्राव सुरू झाल्यावर घाईने पोट उघडण्यापेक्षा, पुढे जाता येणार नाही हे ओळखून वेळेवर उघडणे रुग्णाच्या हिताचे असते. संपूर्ण उघडण्याऐवजी हात जाईल एवढाच छेद घेऊन पुढचे काम करण्याचा पर्यायही असतो.

१२. रोबोटने केलेली शस्त्रक्रिया जास्त चांगली का?

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. शल्यविशारद कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात. मनगटासारखी वळणारी उपकरणे आणि स्थिर त्रिमितीय दृश्य यांमुळे अवघड कोपऱ्यात टाके घालणे आणि घट्ट चिकटलेले भाग सोडवणे सोपे जाते. कर्करोगाच्या नियंत्रणात तो साध्या दुर्बिणीपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. ज्या पद्धतीचा आपल्या शल्यविशारदांना अधिक अनुभव आहे ती निवडावी.

१३. यात कोणते धोके आहेत?

रक्तस्राव, कापलेल्या पृष्ठभागातून पित्त गळणे, पोटात पू किंवा पाणी साचणे, न्युमोनिया, पायाच्या शिरेत गुठळी होणे आणि यकृत तात्पुरते किंवा गंभीरपणे निकामी होणे, हे यकृताच्या कोणत्याही शस्त्रक्रियेचे धोके येथेही आहेत. दुर्बिणीमुळे विशेषतः जखमेचे, छातीचे आणि जलोदराचे त्रास कमी होतात. पित्तगळती त्या प्रमाणात कमी होतेच असे नाही.

पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियेचा खास धोका म्हणजे चिकटलेले भाग सोडवताना आतड्याला होणारी इजा. ती त्याच वेळी लक्षात आली तर टाके घालून बरी होते. लक्षात न आल्यास दोन-तीन दिवसांनी ताप, वाढती पोटदुखी आणि नाडीचे वाढलेले ठोके यांनी प्रकट होते आणि मग ती जिवावर बेतू शकते. म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दिवसागणिक बरा वाटण्याऐवजी अधिक आजारी वाटू लागला, तर गॅस झाला असेल अशी समजूत काढून वाट पाहू नये. कापलेल्या शिरेतून वायू रक्तात शिरणे ही दुर्मीळ गुंतागुंत आहे. कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो, त्यामुळे ती बहुधा सौम्य राहते आणि भूलतज्ज्ञ तिच्यावर लक्ष ठेवून असतात.

१४. रुग्णालयात किती दिवस राहावे लागते आणि घरी काय काळजी घ्यायची?

गुंतागुंत नसेल तर लहान भाग काढलेला रुग्ण साधारण तीन ते सहा दिवसांत घरी जातो. सिऱ्होसिस असल्यास थोडे अधिक लागतात. दुसऱ्या दिवसापासून चालणे आणि खाणे सुरू होते. खांद्यात दुखणे हा पोटातील वायूचा परिणाम असून तो दोन-तीन दिवसांत जातो. जड वजन चार ते सहा आठवडे उचलू नये.

सिऱ्होसिसच्या रुग्णांनी वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यांनी मूत्रपिंडांना इजा आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत, सामान्यतः दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, चालते. यकृताला विश्रांती म्हणून प्रथिने बंद करण्याचा सल्ला आसपासची मंडळी हमखास देतात. तो चुकीचा आहे. जखम भरण्यासाठी आणि स्नायू टिकवण्यासाठी पुरेशी प्रथिने लागतात आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे सिऱ्होसिसमध्ये उपयुक्त ठरते. दारू पूर्णपणे बंद. ताप, कावीळ, पोट फुगत जाणे, काळी शौच, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१५. आईला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता आणि तो यकृतात दुसऱ्यांदा आला आहे. हीच उत्तरे लागू होतात का?

बरीचशी होतात, पण दोन मोठे फरक आहेत. अशा रुग्णांचे यकृत सहसा सिऱ्होसिसचे नसते, त्यामुळे अधिक भाग काढता येतो. मात्र केमोथेरपीने यकृतात चरबी किंवा सूज आलेली असू शकते. शिवाय शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा क्रम मिळून ठरवावा लागतो.

दुर्बिणीबाबतचा पुरावा या आजारात अधिक भक्कम आहे. नॉर्वेतील ऑस्लो-कॉमेट या चाचणीत मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या २८० रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागणी करण्यात आली होती. गुंतागुंतीचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १९ टक्के, तर खुल्या गटात ३१ टक्के होते, आणि ५ वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे राहिले. प्रश्न ४ आणि ५ मधील विचार येथेही तसाच लागू आहे.

१६. शस्त्रक्रियेनंतर कर्करोग परत येऊ नये म्हणून औषध आहे का? तपासण्या किती वेळा कराव्यात?

मूळ आजारावरचे औषध हा यातील सर्वांत खात्रीचा भाग आहे आणि तोच अनेकदा दुर्लक्षित राहतो. हिपॅटायटिस बी असल्यास एंटेकॅविर किंवा टेनोफोविर बराच काळ, बहुधा कायम, घ्यावे लागते; गाठ निघाली म्हणून ते बंद करू नये. हिपॅटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो. मधुमेह आणि वजन यांकडेही लक्ष द्यावे.

कर्करोगविरोधी औषधांबाबत चित्र उत्साहवर्धक नाही. सोराफेनिब शस्त्रक्रियेनंतर दिल्याने फायदा होत नाही, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब यांच्या जोडीने २०२३ मध्ये आशा दाखवली होती, परंतु पुढील पाठपुराव्यात तो लाभ टिकला नाही. त्यामुळे असे औषध सुचवले गेल्यास ते कोणत्या आधारावर, हे विचारावे.

पहिली २ वर्षे दर तीन ते चार महिन्यांनी सीटी स्कॅन किंवा एमआरआय आणि एएफपी, त्यानंतर दर सहा महिन्यांनी, असा पाठपुरावा सर्वसाधारणपणे केला जातो. एकदा परत आलेला कर्करोग पुन्हा येऊ शकतो, आणि लहान असताना सापडला तरच प्रश्न ७ मधील पर्याय खुले राहतात.

१७. तिसऱ्यांदाही अशीच शस्त्रक्रिया होऊ शकते का?

होऊ शकते आणि केलीही जाते. निकष तेच राहतात. फक्त प्रत्येक वेळी पोट अधिक चिकटलेले आणि यकृताची शिल्लक कमी असते. म्हणून तिसऱ्या वेळी जाळण्याच्या उपचाराकडे किंवा रक्तवाहिनीतून दिल्या जाणाऱ्या उपचारांकडे झुकाव असतो.

१८. एएफपी सारखे वाढत आहे, पण स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही. दुर्बिणीने आत पाहून घ्यावे का?

नाही. दुर्बिणीने यकृताचा पृष्ठभाग दिसतो, आतील लहान गाठ दिसत नाही, आणि कोठे सोनोग्राफी करायची हे माहीत नसताना चिकटलेले पोट सोडवण्याचा धोका पत्करणे योग्य नाही. आधी हिपॅटायटिस भडकल्यामुळे एएफपी वाढले आहे का ते पाहावे. ते नसेल तर यकृतासाठीच्या विशेष औषधासह एमआरआय, छातीचा सीटी स्कॅन आणि हाडांची तपासणी करावी. तरीही काही सापडले नाही तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करणे, हे हातावर हात ठेवून बसल्यासारखे वाटले तरी बरोबर असते.

१९. पूर्वी पित्तनलिका काढून यकृताला आतडे जोडले आहे. तरीही दुर्बीण शक्य आहे का?

पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियांमधील ही सर्वांत कठीण परिस्थितींपैकी एक आहे. जोडलेले आतडे नेमके यकृताच्या दारावर असते, तेथे फीत घालणे जवळपास अशक्य होते आणि आतड्यातील जंतू पित्तनलिकांत असल्याने शस्त्रक्रियेनंतर किंवा गाठ जाळल्यानंतरही यकृतात पू होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे जाळणे हा येथे आपोआप सुरक्षित पर्याय ठरत नाही. जोडापासून दूर, कडेला असलेल्या लहान गाठीसाठी दुर्बिणीचा विचार होऊ शकतो. इतरांसाठी खुली शस्त्रक्रिया किंवा नेमक्या जागी दिले जाणारे किरणोपचार अधिक योग्य ठरतात.

२०. एका ठिकाणी दुर्बिणीतून होईल म्हणाले, दुसरीकडे ऑपरेशनच नको म्हणाले. कोणाचे ऐकायचे?

दोन्ही मते प्रामाणिक असू शकतात, कारण या शस्त्रक्रियेत केंद्राच्या अनुभवाप्रमाणे मर्यादा बदलतात. शल्यविशारद, यकृतरोगतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून आपल्या स्कॅनवर चर्चा केली आहे का, हे आधी विचारावे. एकट्याने दिलेल्या मतापेक्षा अशा चर्चेतून आलेले मत अधिक विश्वासार्ह असते. त्यानंतर, आमच्यासारख्या पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर आपण दुर्बिणीतून यकृताची शस्त्रक्रिया नियमितपणे करता का, त्यांपैकी किती वेळा पोट उघडावे लागते आणि आमच्या बाबतीत जाळण्याचा पर्याय का नाही, हे तीन प्रश्न सरळ विचारावेत. अनुभवी शल्यविशारदाला त्यांचा राग येत नाही.

भेटीला जाताना डिस्चार्ज कार्डावर भागवू नये. पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद आणावी, कारण कोणता भाग काढला, यकृताच्या दाराशी काम झाले का, पित्ताशय काढले का आणि रक्त किती गेले, हे तेथेच सापडते. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल, सुरुवातीपासूनच्या सर्व स्कॅनच्या सीडी, केवळ छापील अहवाल नव्हे, एएफपीच्या जुन्या नोंदी तारखांसह आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी सोबत असावी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिचा उल्लेख सर्वप्रथम करावा आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.